पंधरा आमदार, पण प्रश्न विचारायला मोकळे किती? तुरुंग, जामीन आणि केकेआरडीबीच्या पैशांचा हिशोब

कर्नाटकात तुरुंगांवर कारवाई कधी होते, याचं आता एक ठरलेलं गणित झालंय. आधी मोबाईलवर एखादा फोटो किंवा व्हिडिओ फिरतो. चॅनेलवाले दिवसभर तोच दाखवतात. एक-दोन दिवसांत कोणीतरी निलंबित होतं, कोणाची तरी बदली होते, समिती नेमली जाते आणि आपण सगळे पुढच्या व्हिडिओपर्यंत विसरून जातो.

जुलै २०१७ मध्ये तुरुंग खात्याच्या तत्कालीन डीआयजी डी. रूपा यांनी परप्पन अग्रहार कारागृहात शशिकलांना खास सवलती मिळतात, असा अहवाल दिला. पुढच्या काही दिवसांतच अहवाल देणाऱ्या रूपा यांचीच बदली झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये अभिनेता दर्शनचा खुर्चीवर बसून सिगारेट ओढतानाचा फोटो बाहेर आला. नऊ जण निलंबित झाले, दर्शनला बळ्ळारीला हलवलं आणि सहआरोपींना राज्यभरच्या तुरुंगांत वाटून टाकलं. त्यातला एक कलबुर्गीच्याही वाट्याला आला. वर्षभराने, १४ ऑगस्ट २०२५ ला, दर्शनचा जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने अशी बडदास्त पुन्हा दिसली तर आधी तुरुंग अधीक्षकालाच निलंबित करू, अशी तंबी दिली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच परप्पन अग्रहारातले कैदी मोबाईलवर बोलताना आणि टीव्ही बघतानाचे व्हिडिओ आले. पुन्हा बदली, पुन्हा निलंबन, पुन्हा समिती.

यात आमच्या भागाच्या लोकांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. बेंगळुरूच्या तुरुंगात बिघडलं की माणूस कलबुर्गी-बळ्ळारीला पाठवायचा. अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे आपण वर्षानुवर्षं बघतोच. इकडची बदली म्हणजे पनिशमेंट पोस्टिंग. आता कैद्यांचंही तेच.

पण आजचा विषय व्हिडिओचा नाही. या सगळ्या घटनांत सरकारला जाब विचारला कोणी? एकदा एका अधिकाऱ्याने, दोनदा कुणाच्या तरी मोबाईल कॅमेऱ्याने, एकदा न्यायालयाने. ज्या सभागृहाचं हे मूळ काम आहे, त्या विधानसभेचं नाव यात कुठे पहिलं आलं का? गदारोळ नंतर होतो, तो भाग वेगळा. तुरुंगात काय चाललंय, कोर्टात माणूस किती दिवस अडकतोय, आणि आपल्या नावाने मंजूर झालेला पैसा कुठे जातोय, या तीन गोष्टींचा हिशोब मागायला आपण आमदार निवडून देतो. तर बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांपुरता हा हिशोब मांडून बघू.

पंधरातून वजा करत जा

बीदर जिल्ह्यात सहा मतदारसंघ, कलबुर्गीत नऊ. एकूण पंधरा. मे २०२३ मध्ये सरकार आलं तेव्हा या पंधरांतून चार जण मंत्री झाले: भालकीचे ईश्वर खंड्रे, बीदरचे रहीम खान, चित्तापूरचे प्रियांक खर्गे आणि सेडमचे डॉ. शरणप्रकाश पाटील. चार मंत्री मिळाले म्हणून आपण फटाके फोडले, आणि फोडायलाही हरकत नव्हती. पण मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देणाऱ्या बाजूला बसतो. म्हणजे पंधरा वजा चार. उरले अकरा.

जेवर्गीचे डॉ. अजय सिंग यांच्याकडे कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाचं, म्हणजे केकेआरडीबीचं अध्यक्षपद आलं. या भागातला सगळ्यात मोठा खर्च ज्या मंडळातून होतो, त्याचेच ते प्रमुख. त्या खर्चावर ते सरकारला अडचणीचा प्रश्न विचारतील ही अपेक्षाच चुकीची. उरले दहा. त्यातले चार सत्ताधारी काँग्रेसचे आणि सहा भाजपचे: औरादचे प्रभू चव्हाण, बसवकल्याणचे शरणू सलगर, बीदर दक्षिणचे शैलेंद्र बेल्दाळे, हुमनाबादचे सिद्दू पाटील, कलबुर्गी ग्रामीणचे बसवराज मत्तीमूड आणि चिंचोळीचे अविनाश जाधव.

२१ मार्च २०२५ ला, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, अध्यक्षांच्या दिशेने कागद फाडून फेकल्याबद्दल भाजपच्या अठरा आमदारांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं गेलं. त्या अठरांत आपले तिघे होते: सलगर, बेल्दाळे आणि मत्तीमूड. सहा विरोधी आमदारांतले तीन, म्हणजे बरोबर निम्मे! निलंबनाच्या आदेशात सभागृहाचा दरवाजा बंद होताच, पण समित्यांच्या बैठकांनाही मनाई होती, आणि कामकाजात त्यांच्या नावाने विषयही येणार नव्हता. २५ मे ला ते निलंबन मागे घेतलं. मधल्या काळात अधिवेशन नव्हतं म्हणून नुकसान कमी झालं, असं कोणी म्हणेल. पण समित्यांचं खरं काम तर अधिवेशन नसतानाच चालतं.

कागद फाडणं बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही. आपल्या मतदारांनी सलगर किंवा बेल्दाळेंना कागद फेकायला पाठवलेलं नाही. पण शिक्षा कोणाला झाली? महाराष्ट्रात हेच आधी घडून गेलंय. ५ जुलै २०२१ ला भाजपच्या बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं होतं. आशिष शेलार आणि इतर सुप्रीम कोर्टात गेले, आणि २८ जानेवारी २०२२ ला कोर्टाने ते निलंबन रद्द केलं. चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन बेकायदेशीर, कारण त्यात आमदाराबरोबर त्याचा अख्खा मतदारसंघ मुका होतो, असा त्या निकालाचा अर्थ. हा निकाल होऊन तीन वर्षं झाली होती. बेंगळुरूला तो माहीत नसेल असं नाही.

आता दिवसांचा हिशोब. विधिमंडळ वर्षाला किमान साठ दिवस बसलं पाहिजे असा कायदा कर्नाटकाने २००५ मध्ये स्वतःच केला. बहुतेक वर्षी हा आकडा गाठला जात नाही. स्वतःसाठी केलेला कायदा स्वतःच मोडायचा आणि त्याला दंडही नाही, अशी सोय आपल्यासारख्या जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला कधी मिळायची? बेळगावच्या सुवर्णसौधात डिसेंबरात अधिवेशन भरतं ते खास उत्तर कर्नाटकासाठी. तिथेही सीमावादाच्या घोषणा, बंदी आदेश आणि धरपकड यांच्या बातम्या आपल्या मराठी पेपरांत पहिल्या पानावर येतात, आणि आळंद-औरादच्या प्रश्नाचं लेखी उत्तर कोणी वाचतही नाही. वाचणार कसं, ते कन्नडमध्ये पटलावर येतं आणि तिथेच राहतं.

प्रश्न विचारला तरी काय होतं? पीएसआय भरतीचा धडा

प्रश्न विचारून काही उपयोग नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी कलबुर्गीचंच उदाहरण देतो.

३ ऑक्टोबर २०२१ ला पीएसआयच्या ५४५ जागांसाठी परीक्षा झाली. निकाल लागल्यावर उमेदवारच कुजबुजू लागले. मोजकेच प्रश्न सोडवलेल्या एका उमेदवाराला शंभराच्या वर गुण पडल्याची तक्रार होती. मार्च २०२२ मध्ये विषय विधिमंडळात आला. तत्कालीन गृहमंत्री अरग ज्ञानेंद्र यांनी भरतीत गैरप्रकार झालेला नाही, असं उत्तर दिलं. महिनाभरात, एप्रिलमध्ये, त्याच सरकारला सीआयडी चौकशी लावावी लागली. कलबुर्गीतल्या एका खासगी शाळेच्या परीक्षा केंद्रापासून धागा निघाला आणि तो भरती विभागाचे प्रमुख असलेल्या एडीजीपी दर्जाच्या अधिकाऱ्यापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये त्यांना अटक झाली. परीक्षा एप्रिलअखेरच रद्द केली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये हायकोर्टाने रद्द करण्यावर शिक्कामोर्तब केलं आणि २३ जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा झाली. प्रामाणिकपणे पास झालेल्या पोरांची दोन-अडीच वर्षं गेली, ती कोणी परत देणार नाही.

आता यात बघण्यासारखं काय आहे? सभागृहातलं ते लेखी-तोंडी उत्तर. चौकशी लागल्यावर सिद्धरामय्यांनी, तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते, गृहमंत्री सभागृहात खोटं बोलले असा हल्ला चढवला, आणि त्यांच्या हातात पुरावा काय होता? मंत्र्याचंच उत्तर. व्यवहारात ज्याला आपण सही केलेली पावती म्हणतो, तीच ही. पत्रकार परिषदेत मंत्री काहीही बोलतो आणि दुसऱ्या दिवशी 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' म्हणतो. सभागृहातल्या उत्तराला ती पळवाट नाही. चुकीचं उत्तर दिलं तर हक्कभंग आणता येतो, आश्वासन दिलं तर ते सरकारी आश्वासन समितीच्या वहीत चढतं. म्हणून मी म्हणतो, उत्तर नकारार्थी आलं तरी प्रश्न वाया जात नाही. ज्ञानेंद्र यांचं उत्तर नकारार्थीच होतं.

सातबारा महाराष्ट्राचा, कोर्ट कर्नाटकाचं

आता तुरुंगाकडे येऊ. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजार, आणि आत माणसं ५ लाख ७३ हजार. त्यातली ४ लाख ३४ हजार, म्हणजे शंभरातली पंचाहत्तरहून जास्त, कच्चे कैदी. शिक्षा झालेली नाही, खटला चालू आहे किंवा चालूच झालेला नाही. सिगारेट आणि कॉफीचा मग हातात घेतलेला कैदी आपण टीव्हीवर बघतो, तो हजारांत एक. बाकीच्यांतले काही जण जामीन मिळूनही आत आहेत, कारण जामीनदार नाही.

आणि जामीनदाराचा प्रश्न सीमेवर दुप्पट होतो. आपल्याकडे सोयरीक कुठे असते? औरादची देगलूरला, भालकीची निलंग्याला, बीदरची उदगीरला, बसवकल्याणची उमरग्याला, आळंदची अक्कलकोटला. १९५६ मध्ये जुना बीदर जिल्हा फोडला तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. नाती तशीच राहिली. आता समजा निलंग्याच्या बाजूचा एखादा मजूर भालकीत एखाद्या केसमध्ये सापडला. जामीन मंजूर झाला. जामीनदार म्हणून मामा उभा राहतो, त्याच्याकडे सातबारा आहे. पण इथल्या कोर्टात चालते पहाणी. सातबारा खरा की खोटा, तहसीलदाराची पडताळणी कोण आणणार, परराज्यातला जामीनदार कशाला, स्थानिक आणा. मामाची पाच एकर जमीन वीस किलोमीटरवर आहे, पण मध्ये राज्याची पाटी आहे.

हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सोडवलेला आहे, हे किती जणांना माहीत आहे? मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. गवंडीकाम करणारा गरीब माणूस. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं, की भारतातला माणूस भारतातल्या कुठल्याही जिल्ह्यात परका कसा ठरेल! त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, सुप्रीम कोर्टाला पुन्हा सूचना काढावी लागली, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, तशी अट घालू नये. आणि महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर अट सैल करता येते का ते कोर्टाने स्वतःहून बघावं. म्हणजे १९७८ चा निकाल खाली उतरलाच नव्हता.

सरकारकडेही यावर योजना आहे. केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांना मदतीची घोषणा केली, वर्षाला वीस कोटी. मूळ नियमांत कच्च्या कैद्याला जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंड भरायला पंचवीस हजारांपर्यंत मदत ठेवली होती. प्रत्येक जिल्ह्यात समिती, त्यात डीसी, एसपी, कायदा सेवा प्राधिकरणाचे सचिव, तुरुंगाचे अधिकारी. कागदावर सुंदर आहे. पैसा पडून राहिला म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयालाच राज्यांना आठवणीची पत्रं लिहावी लागली. तुरुंग भरलेले आणि तुरुंगातून सोडवायचा पैसा शिल्लक. ताळेबंदात दोन्ही बाजू एकदम फुगलेल्या दिसल्या तर कुठलाही ऑडिटर पेन खाली ठेवून विचारेल, हे काय आहे?

नवा फौजदारी कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेले वगळून. मुदत भरली की कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे, कैद्याने वकील शोधत बसायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे जुन्या कैद्यांनाही लागू केलं. तेव्हा सरळ प्रश्न असा: कलबुर्गी मध्यवर्ती कारागृहाच्या आणि बीदर जिल्हा कारागृहाच्या अधीक्षकांनी आजवर असे अर्ज किती केले, किती सुटले? जामीन मंजूर होऊनही महिन्याच्या वर आत राहिलेले किती, आणि त्यांतले परराज्यातले किती? गरीब कैदी योजनेतून दोन्ही जिल्ह्यांत किती जणांना किती रुपये मिळाले? गृहमंत्र्यांना हा एक तारांकित प्रश्न आहे. यात घोषणा नाही, कागद फाडायचा नाही.

आमदाराला सभागृहाचीही वाट बघायची गरज नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श तुरुंग नियमावलीत तुरुंगाच्या अभ्यागत मंडळावर आमदारांना जागा ठेवलेली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात, तुरुंगांत जातीवरून कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवताना, सुप्रीम कोर्टाने अभ्यागत मंडळांनी आणि जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणांनी नियमित पाहणी करावी असं बजावलं. सफाई कोणत्या जातीने करायची आणि स्वयंपाक कोणत्या, हे स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली तरी नियमावल्यांत लिहिलेलं होतं, आणि ते बाहेर काढलं एका पत्रकार बाईने. दिल्लीत संसदेच्या गृहखात्याच्या स्थायी समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये तुरुंगांवर अख्खा अहवाल दिला होता. समित्यांना वेळ दिला की अशी कामं होतात. इंग्लंडमध्ये तर तुरुंगांचा मुख्य निरीक्षक एखाद्या तुरुंगाबद्दल तातडीची सूचना काढतो आणि मंत्र्याला अठ्ठावीस दिवसांत जाहीर उत्तर द्यावं लागतं. तिकडचेही तुरुंग काही स्वर्ग नाहीत. पण उत्तराला तारीख आहे.

बीदरकरांना न्यायाला किती तारखा लागतात, ते सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये शाहीन शाळेत मुलांनी नागरिकत्व कायद्यावर नाटुकलं केलं म्हणून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. मुख्याध्यापिका आणि एका मुलीची आई तुरुंगात गेल्या, दोन आठवडे आत राहिल्या. पोलिसांनी मुलांना पुन्हा पुन्हा बसवून प्रश्न विचारले, गणवेशात. ऑगस्ट २०२१ मध्ये हायकोर्टाने फोटो बघून हे बालहक्क कायद्याचं गंभीर उल्लंघन असल्याचं म्हटलं. जून २०२३ मध्ये कलबुर्गी खंडपीठाने शाळेच्या व्यवस्थापनावरचा गुन्हाच रद्द केला. नाटुकलं कोणाला आवडो न आवडो, गुन्हा टिकला नाही, आणि तो टिकत नाही हे ठरायला साडेतीन वर्षं गेली. एवढं तरी बरं की २००८ पासून कलबुर्गीत खंडपीठ आहे. नाहीतर बीदरहून बेंगळुरू, सातशे किलोमीटरच्या आसपास. त्या मुलांची चौकशी कोणाच्या हुकमाने झाली आणि पुढे कोणावर काय कारवाई झाली, हा प्रश्न मात्र कोर्टाचा नसून गृहखात्याचा, म्हणजे सभागृहाचा आहे.

पाच हजार कोटी आणि एक ओळ

आता पैशाकडे. राज्यघटनेचं कलम ३७१(जे) आपल्याला २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या दुरुस्तीने मिळालं. त्यातलं नोकऱ्या आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागांचं आरक्षण घराघरांत माहीत आहे. सर्टिफिकेटसाठी तहसीलला रांग लावलेली असते. पण कलमाच्या पहिल्याच पोटकलमात आणखी एक ओळ आहे: या भागासाठी वेगळं विकास मंडळ असेल, आणि त्या मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल. मंडळ आणि अहवाल, दोन्ही एकाच वाक्यात. एक दिलं आणि दुसरं नाही, असं चालत नाही.

मंडळाची तरतूद २०२२-२३ मध्ये तीन हजार कोटी होती, २०२३-२४ पासून पाच हजार कोटी. सात जिल्हे. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये राज्यातले सर्वात मागास असे एकोणचाळीस तालुके काढले होते, त्यातले एकवीस एकट्या गुलबर्गा विभागातले. म्हणून हा पैसा. तो किती मंजूर झाला हे आपल्याला प्रत्येक अर्थसंकल्पाला मोठ्या टायपात कळतं. मंजूर, वितरित आणि खर्च हे तीन वेगळे रकाने आहेत, आणि त्यानंतर चौथा, खर्च होऊन प्रत्यक्ष झालं काय. शाळेची खोली झाली, पण शिक्षक आला का? दवाखान्याची इमारत झाली, पण डॉक्टर? पाच हजार कोटींच्या बातमीत पहिलाच रकाना असतो.

अडचण अशी, की कामांच्या याद्यांवर छाप आमदारांचीच असते आणि निधी तालुका-मतदारसंघाच्या हिशोबाने वाटला जातो. ज्याच्या यादीतली कामं आहेत, तो त्या कामांचा हिशोब सभागृहात कशाला मागेल? यात पक्षाचा भेद नाही. काँग्रेसवाल्याला सरकार अडचणीत आणायचं नाही, आणि भाजपवाल्याला आपल्या तालुक्याचा हप्ता अडकवायचा नाही. अहवाल पटलावर ठेवणं आणि त्याच्यावर अर्धा दिवस चर्चा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटनेने पहिलं सक्तीचं केलंय. दुसरं आमदारांवर सोडलंय.

शेजारी बघा. मराठवाड्याला अशाच तरतुदीने, कलम ३७१(२) खाली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ मिळालं होतं. तिथेही वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवायची तीच अट. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली आणि मुदतवाढ मिळाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा स्थापनेचा निर्णय घेतला. लातूर-नांदेडचे लोक आपल्याला म्हणतात, तुमच्याकडे तरी पाच हजार कोटी आहेत. खरं आहे. पण मंडळ बंद पडल्यावर तिकडे मोठा उठाव झाला नाही. मंडळाच्या अहवालावर लोक कधी बोललेच नव्हते, तर ते गेल्याचं कळणार कसं?

खर्च तपासायला लोकलेखा समिती आहे, तिचं अध्यक्षपद विरोधकांकडे असतं. तिच्यावरही वेळ येते. मे २०२० मध्ये कोविड खरेदीच्या तक्रारी आल्यावर समिती पाहणीला निघाली, तेव्हा विधानसभा अध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी यांनी समित्यांचे दौरे थांबवले. समितीचे अध्यक्ष एच. के. पाटील यांनी जाहीर विरोध केला. सरकार बदललं, पाटील कायदामंत्री झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच खरेदीसाठी न्यायमूर्ती डिकुन्हा आयोग नेमला. चाळीस टक्के कमिशनच्या आरोपांसाठी न्यायमूर्ती नागमोहन दास आयोग, पीएसआय भरतीसाठी न्यायमूर्ती वीरप्पा आयोग. आयोगांना नावं ठेवायची नाहीत. पण आयोग सरकार नेमतं, विषय सरकार ठरवतं, आणि बहुतेक वेळा तो आधीच्या सरकारचा असतो. चालू सरकारच्या चालू खर्चाला विचारायची जागा सभागृह आणि त्याच्या समित्या, हीच आहे.

जून २०२५ मध्ये आळंदचे काँग्रेस आमदार बी. आर. पाटील यांचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. गृहनिर्माण योजनेतली घरं पैसे घेऊन दिली जातात, असा त्यांचा आरोप होता, आणि आवाज आपलाच असल्याचं त्यांनी मान्यही केलं. खात्याने आरोप फेटाळला. सत्ताधारी पक्षातला ज्येष्ठ आमदार एवढं स्पष्ट बोलतो, हे कौतुकाचंच. पण ते बोलणं लोकांपर्यंत आलं ते ऑडिओ क्लिप फुटल्यामुळे. आळंदच्या किती ग्रामपंचायतींत किती घरं मंजूर झाली, कोणाच्या शिफारशीने, हे आकडे सभागृहात मागितले असते तर खात्याला नुसतं फेटाळून भागलं नसतं, यादी द्यावी लागली असती.

शेवटी भाषेचं. आपल्या आमदारांतले बरेच जण प्रचारात छान मराठी बोलतात. कलम २१० प्रमाणे ज्याला कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं, पण तो हट्ट धरायची गरज नाही. प्रश्न कन्नडमध्येच विचारा, नीट विचारा. आलेलं उत्तर मात्र भालकी-औराद-आळंदच्या लोकांना मराठीत कळवा. आणि नागरिकांसाठी कलम ३५० आहे: तक्रार-निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. जामीन होऊनही आत असलेल्या माणसाच्या घरच्यांनी मराठीत चार ओळी लिहून एक प्रत जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाला आणि एक प्रत आपल्या आमदाराला द्यावी. पोच घ्यायला विसरू नका, तारखेसह.